आजी, एसटी आणि कॅमेरा: माझ्या अॅनिमेशनवाल्या ताईला थँक यू

प्रिय ताई,

हे तुला व्हॉट्सअॅपवरही पाठवता आलं असतं, पण मला सगळ्यांसमोर लिहायचंय. आत्ता जी मुलं अॅनिमेशन शिकायला लागलीयेत त्यांनाही कळू दे की कुणीतरी एक रुपया न घेता, रविवारची सकाळ मोडून वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्हाला हे शिकवत होतं. आठवडाभर स्टुडिओत शॉट डिलिव्हर करून तुला एकच सुट्टी मिळायची आणि ती तू आम्हाला दिलीस.

सुरुवातीला तू कुणाला लॅपटॉप उघडूच दिला नाहीस. कागद, पेन्सिल आणि एक प्रश्न, "बघणाऱ्याची नजर आधी कुठे जायला पाहिजे?" पोझ काढताना तोच प्रश्न, कॅमेरा कुठे लावायचा ठरवताना पण तोच. बहुतेक ठिकाणी कॅरेक्टर अॅनिमेशन एका सेमिस्टरला आणि शॉट कंपोझिशन, म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं ते, दुसऱ्याला असतं, तू दोन्ही एकाच कागदावर शिकवलंस आणि माझं ठाम मत आहे की नवीन माणसाला असंच शिकवायला पाहिजे.

बाउन्सिंग बॉल, म्हणजे उड्या मारणारा चेंडू, सगळेच करायला लावतात. पण टायमिंग आणि स्पेसिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तू ज्या पद्धतीने सांगितलंस ना, ते डोक्यात कायमचं बसलं. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातल्या किती फ्रेममध्ये बॉल खाली येतो ते टायमिंग, आणि एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो किती सरकतो ते स्पेसिंग. वर रेंगाळतो तिथे चित्रं एकमेकांना चिकटून, जमिनीजवळ लांब लांब. फ्रेम तेवढ्याच ठेवून सगळी अंतरं सारखी केलीस आणि बॉलचं वजनच गेलं! आणि स्क्वॉशमध्ये, म्हणजे जमिनीवर आपटून दबताना, चपटा झाला की रुंदही व्हायलाच पाहिजे, नाहीतर तो दबल्यासारखा न दिसता लहान झाल्यासारखा दिसतो.

अॅनिमेशनची बारा प्रिन्सिपल्स, म्हणजे मूलभूत तत्त्वं, तू पाठ करायला कधीच लावली नाहीस. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती १९८१ मध्ये पुस्तकात मांडली, पण त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, ती स्टुडिओत रोजच्या कामातून घडत गेली होती, म्हणून आपणही कामातूनच शिकायची असं तू म्हणायचीस. आणि १९५६ ला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनला शिकवायला आले, भारतीय अॅनिमेशनचे जाणते राम मोहन त्यांच्याकडे शिकले, हे मला तुझ्याकडूनच कळलं. आपल्या मुंबईत हे काम एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकवलंय, हे ऐकून मला फार भारी वाटलं होतं.

पण खरं शिक्षण झालं ते "आजी एसटीची वाट बघतेय" या शॉटमध्ये. तू फळ्यावर आजी काढलीस, बाकावर बसलेली, पिशवी पोटाशी धरलेली, आणि मग सगळं चित्र खडूने भरून टाकलंस. पिशवी गायब! हात पण गायब. मग तीच आजी बाजूने काढलीस, पिशवी गुडघ्यावर पुढे आलेली, मान एसटीच्या दिशेने लांब केलेली, परत भरलीस, आणि आता नुसत्या आकारावरून कळत होतं की ही बाई कशाची तरी वाट बघतेय. सिलुएट वाचता आलं पाहिजे म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

मग आजी उठते कशी? आधी ती पुढे वाकते, हात गुडघ्यावर टेकतात, वजन पायांवर येतं आणि मगच कंबर बाकावरून सुटते. हे अँटिसिपेशन काढून टाकलं तर आजी उठत नाही, कुणीतरी तिला उचलतं. पदर आणि पिशवी तिच्यासोबत लगेच थांबत नाहीत, थोड्या नंतर थांबतात. दोन्ही हात एकाच फ्रेमला एकसारखे हलले की माणूस यंत्र वाटतो, म्हणून एक हात जरा मागे ठेवायचा. आणि सगळ्यात आधी डोळे. एसटी दिसली की डोळे वळतात, मग डोकं, तेही सरळ रेषेत नाही, जरा खाली झुकून कमानीत, मध्येच एक पापणी लवते, आणि तेवढ्यावर कळतं की आजीच्या मनात काहीतरी आलं. मला वाटतं अॅनिमेशनची सगळी गंमत इथे आहे, पात्र हलतंय यापेक्षा पात्र विचार करतंय हे दिसण्यात.

कॅमेरा पण त्याच आजीवर शिकलो. ती उजवीकडे बघतेय तर उजवीकडे जागा सोडायची, कारण आपली नजर तिच्या नजरेमागे जाते. स्टँडचा खांब बरोबर डोक्यामागे आला तर तो डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, मग कॅमेरा थोडा सरकवायचा. वाइड शॉटमध्ये रिकामं स्टँड आणि कोपऱ्यात छोटीशी आजी, तिथे एकटेपणा आपोआप येतो, क्लोजअपची गरज एसटी दिसल्यावर, त्याआधी नाही. आणि पुढच्या शॉटमध्ये एसटी उजवीकडून डावीकडे यायला पाहिजे, आजी आणि एसटी यांना जोडणाऱ्या मनातल्या रेषेच्या पलीकडे कॅमेरा गेला तर ती आजीकडे येतेय की लांब चाललीये तेच कळत नाही. १८० डिग्रीचा नियम इतका सोपा करून मला दुसऱ्या कुणीच सांगितला नाही.

थंबनेल, म्हणजे शॉटचं छोटं कच्चं चित्र, काढायची सवय पण तुझीच. काडेपेटीएवढ्या चौकोनात नुसता काळा, करडा, पांढरा, आणि त्यात शॉट कळला नाही तर मोठा करूनही कळणार नाही असं तू म्हणायचीस. आज कामावर प्रत्येक शॉट मी तसाच सुरू करते.

ताई, तू कधी रागावली नाहीस, पण "छान आहे" म्हणून सोडून पण दिलं नाहीस. प्रत्येकाचं काम फ्रेम फ्रेम पुढेमागे करून बघायचीस, दुपारचं जेवण थंड व्हायचं तरी. त्यासाठी मनापासून, अगदी मनापासून थँक यू.

आता मी सांगलीत शाळेतल्या मुलांना शनिवारी शिकवते, फ्लिपबुक झालंय, बॉल झालाय, पुढच्या महिन्यात आजी घेणार आहे. तुझी ती जुनी थंबनेलची वही असेल तर तिचे फोटो पाठवशील का? आणि जमलं तर एखाद्या शनिवारी येच, मुलांचं काम तू बघावंस अशी फार इच्छा आहे.

तुझी,
मागच्या बाकावरची सांगलीकर