फेब्रुवारीत मोजलं तर आमचं गाव अर्धंच भरणार

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जनगणना आता खरंच होणार म्हणतात. 2021 ची कोरोनामुळं राहिली, आता 1 मार्च 2027 ही तारीख ठरलीय आणि माणसं मोजायचं काम त्याच्या आधी फेब्रुवारीत. आमच्या आटपाडी तालुक्यातल्या गावांना फेब्रुवारी हा सगळ्यात वाईट महिना आहे, म्हणून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आजूबाजूच्या कितीतरी वाड्यावस्त्यांची गत हीच आहे.

फेब्रुवारीत आमच्या गावात कोण असतं तर म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं आणि डाळिंबाची बाग असलेली थोडी घरं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं म्हणून ही घरं तरी थांबली. बाकी ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टरला बिऱ्हाड बांधून कारखान्यावर गेलेल्या असतात त्या पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय येत नाहीत, आणि आम्ही धनगर मेंढरं घेऊन कराड-वाळव्याकडं उतरलेलो असतो. गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे, केरळ-तमिळनाडूत असतात पण त्यांचं वेगळं, ते बारा महिने तिकडंच, त्यांची नोंद तिकडं झाली तर बरोबरच आहे. माझं म्हणणं दरवर्षी परत येणाऱ्या माणसांबद्दल आहे.

2011 ला मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी होती. आमच्या घरी गुरुजी आले, ओट्यावर बसले, आजीनं सगळ्यांची नावं सांगायला सुरवात केली. चुलत्यांचं नाव आलं तसं गुरुजींनी विचारलं, या वीस दिवसांत एकदा तरी घरी येणार का? आजी म्हणाली, आता कुठलं, पाऊस पडल्यावरच येतील. मग चुलते, चुलती आणि त्यांची दोन पोरं अशी चार माणसं लिहिली नाहीत. गुरुजींची चूक नव्हती, नियमच तसा आहे, त्या काळात माणूस जिथं राहतो तिथंच त्याला मोजायचं, आणि ज्यांना घर नाही, उघड्यावर पालं टाकून असतात, त्यांना 28 फेब्रुवारीच्या रात्री जाऊन मोजायचं. आता त्या रात्री चुलत्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, एका शेतकऱ्याच्या रानात बसलेला, रानाला खत म्हणून. रस्त्यापासून लांब, लाईट नाही, चार कुत्री, घोडं बांधलेलं. तिकडं कोणी आलं नाही असं चुलते आजही सांगतात. म्हणजे चार माणसं ना गावात धरली ना तिकडं. आमच्याच भावकीत अशी आणखी पाच बिऱ्हाडं होती.

लोकांना वाटतं आधारवर पत्ता गावचा आहे, रेशनकार्ड गावात आहे, मतदान गावात आहे म्हणजे मोजतानाही गावातच धरणार. तसं नसतं, हे ग्रामपंचायतीनं दवंडी देऊन सांगायला पाहिजे.

आणि हा आकडा काय नुसता कागदावर राहत नाही. 1500 च्या आत लोकसंख्या असली तर ग्रामपंचायतीला 7 सदस्य, वर गेली तर 9. वित्त आयोगाचा निधी बघायला गेलं तर तोही मुख्यतः लोकसंख्येवरच. जलजीवनची नळपाणी योजना माणशी रोज 55 लिटर धरून करतात, आणि माणसं किती हे जनगणनेवरनंच धरत असतील तर जून-जुलैला सगळी परत आल्यावर टाकी पुरणार कशी? आमच्याकडं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरटी सगळी माणसं, जनावरं, मेंढरं गावात असतात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी आणि बायका परत हातपंपावर. ते बघून खरंच जीव तुटतो, कारण फेब्रुवारीत हीच टाकी भरून वाहत असते.

तारीख बदला असं मी म्हणत नाही, सगळ्या देशाची मोजणी आमच्या बेंदरावर थोडीच ठरणार. पण काही गोष्टी होऊ शकतात. कारखान्यावरच्या प्रत्येक टोळीची यादी मुकादमाकडं असते, ती घेऊन खोपीखोपीत जाऊन मोजा. आणि 28 च्या रात्री मेंढपाळांचे वाडे कुठल्या शिवारात बसलेत हे त्या त्या गावचे कोतवाल आणि पोलीस पाटील यांना विचारलं तर लगेच कळतं, कारण मेंढरं बसवली की गावभर माहीत होतं. मागच्या मुक्कामाचा प्रश्न फॉर्ममध्ये असतो, तिथं आमच्या गावाचं नाव नीट लिहून घ्या, म्हणजे आमची किती माणसं बाहेर आहेत हे तरी दिसेल. पाणी आणि निधी ठरवताना सरकारनं ग्रामपंचायतीकडून पावसाळ्यातला आकडाही मागवावा.

चुलते आता सत्तरीच्या पुढं गेलेत, अजून मेंढरांमागं आहेत. त्यांच्याकडं साधा फोन आहे, रोज संध्याकाळी मुक्काम कुठं पडला ते आजीला कळवतात. 28 फेब्रुवारीला ते कुठं असतील हे त्या संध्याकाळी आमच्या घरात माहीत असेल, मोजणाऱ्यांनी फक्त विचारावं.

आपला,
एक वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली