चौकटीबाहेर राहिलेले हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाचा आयपीएल हंगाम सुरू झाल्यापासून आपल्या क्रीडा पानावर चिअरलीडर्सचे फोटो दोनदा आले. एकावर ‘ग्लॅमरचा तडका’, दुसऱ्यावर ‘षटकारांपेक्षा यांचीच चर्चा’. एकीचंही नाव नाही, दुसऱ्या फोटोत तर चेहराही अर्धाच. मी 32 वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. लेझीम, कवायत, गॅदरिंगला मुलींचे मनोरे. परवापरवापर्यंत मीही असे फोटो बघून नाक मुरडत पान उलटायची, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला होते. नात 15 वर्षांची, शाळेच्या चिअर संघात आहे. कळल्यावर मी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, ‘अगं, दुसरं काही नव्हतं का?’ ती काही बोलली नाही, संध्याकाळी मला सरावाला घेऊन गेली.

जिममध्ये निळ्या मॅट अंथरलेल्या. चौघींचा एक गट. दोघी समोरासमोर खाली, त्यांना ‘बेस’ म्हणतात. एक पाठीमागे, ती वरचीचे घोटे धरते आणि तोल गेलाच तर तिचं डोकं-खांदे सांभाळते. वर चढते ती ‘फ्लायर’. आमची नात बेस. दोन्ही मनगटांना पट्ट्या, गळ्याच्या हाडाखाली पिवळा पडत चाललेला डाग. वरचीचा बूट लागलेला. ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ झालं की वरची यांच्या तळव्यांवर उभी. एका पायावर! चौथ्या वेळी ती कलली. खालच्या तिघी मागे सरल्या नाहीत, तिच्याखाली घुसल्या. तिचं कोपर नातीच्या ओठावर बसलं. रक्त पुसलं आणि पोरगी परत जागेवर. पडणाऱ्याखालून पळायचं नाही, एवढं मुलींच्या अंगात मुरवायला मला अख्खं सत्र लागायचं.

आणि ते हसू. स्पर्धेत चेहऱ्यावरच्या उत्साहाचेही गुण असतात. दंड थरथरत असतात, श्वास पुरत नसतो, तरी हसू मावळता कामा नये. घरी आरशासमोर उठाबशा काढत हसायचा सराव करताना मी तिला पाहिलंय. आपल्या पानावर येतं ते नेमकं हेच हसू, आणि वाचकाला वाटतं या मुलींना हसण्यापलीकडे काही येत नाही. अमेरिकेतल्या सिनेमा-मालिकांनी तर वर्षानुवर्षं हाच साचा चालवला: चिअरलीडर म्हणजे दिसायला छान, डोक्याने रिकामी आणि वर्गातल्या साध्या मुलीला छळणारी.

मुळात हे काम पुरुषांचं होतं. 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून याची सुरुवात मानतात. दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढायला गेले आणि मुलींची संख्या वाढली. आयसेनहॉवर आणि धाकटे बुश हे दोघेही तरुणपणी चिअरलीडर होते, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, डोक्याच्या आणि मानेच्या गंभीर दुखापती बघून, याला खेळाचा दर्जा द्या आणि प्रशिक्षित कोच नेमा, अशी शिफारस केली. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

कोणी म्हणेल, शाळेतलं चिअर वेगळं आणि आयपीएलमधलं वेगळं. आहेच. तिथे मनोरे कमी, नाच जास्त. पण माझी नात तेवढी सभ्य आणि त्या मुली नाहीत, असं मी कदापि म्हणणार नाही. त्या घरदार सोडून परक्या देशात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कामाला येतात. 2008 मध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती त्यांच्या कपड्यांची, डान्सबारशी तुलना करून. त्याच वर्षी मोहालीच्या सामन्यात कातडीच्या रंगामुळे आपल्याला नाचू दिलं नाही, असा आरोप दोन कृष्णवर्णीय मुलींनी केला. तिकडे अमेरिकेतही 2014 मध्ये ओकलंडच्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्सना किमान वेतनासाठी कोर्टात जावं लागलं. आपल्याकडे आयपीएलमध्ये या मुलींना किती मिळतं, दुखापत झाली तर खर्च कोण करतं, प्रेक्षकांतून कुणी अचकटविचकट बोललं तर त्या तक्रार कुठे करतात, हे आपल्या वार्ताहराने एकदा तरी विचारावं.

गोकुळाष्टमीला आपण थरांचा फोटो छापता, तेव्हा तळाच्या गोविंदांचे खांदेही त्यात असतात. या मुलींचा फोटोही कृपया तसाच छापा. नावं विचारून घ्या, आणि मनोरा असेल तर वरचीला धरून ठेवणाऱ्या तिघींचे हात कापू नका.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली