बक्षीस पोरीचं, रिटर्न कोणाचं?

मा. संपादक, माझ्या भाचीने, वय १५, टीव्हीवरच्या क्विझ शोमध्ये ५० हजार जिंकले आणि अख्ख्या देवगडात पेढे वाटून झाले, पण खात्यात आले ३५ हजारच. लॉटरी नि गेम शोच्या १० हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा इन्कम टॅक्स, आधीच कापतात, पोरगी अठराच्या आतली असली तरी सूट नाही. भावोजींच्या सीएने तर ते सरळ भावोजींच्या उत्पन्नात धरायला घेतलं होतं, आंब्याच्या सीझनमध्ये बागेतून उठून मी तिथे गेलो म्हणून कळलं! अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांचं उत्पन्न आईबापाच्यात धरतात हे खरं, पण स्वतःच्या हुशारीने, कलेने किंवा अंगमेहनतीने कमावलेलं असेल तर नाही, ते मुलाच्याच नावावर, मुलाच्याच पॅनवर, रिटर्न फक्त पालकाने भरायचं. आणि हो, यात बेसिक सूट, म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ, ती लागत नाही, उलट कापलेल्या १५ हजारांच्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे करावरचा जादा कर, असे अजून ६०० रुपये आपणच भरायचे. चेक देताना फोटो काढायला दहा जण हजर होते, तेव्हाच हे कोणी सांगितलं असतं तर सायकल बुक करायच्या आधी हिशेब तरी झाला असता.

– एक मामा, देवगड