‘वाचा, म्हणजे कळेल’ हेही उत्तरच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एका अद्भुतरम्य कादंबरीमालेच्या लेखकाची वाचकांबरोबरची प्रश्नोत्तरं छापली आहेत. मालेचे चार भाग आलेत, दोन यायचेत. खालच्या टिपणात म्हटलंय की, निम्म्याहून अधिक प्रश्नांना लेखकाने ‘वाचा, म्हणजे कळेल’ एवढंच सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि हा वाचकांचा अपमान आहे. मीही त्या मालेची वाचक आहे. माझा काही अपमान झाला नाही. उलट उरलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याने का दिली, याचंच मला वाईट वाटलं.

हे उत्तर काही त्याने शोधून काढलेलं नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ या अशाच इंग्रजी कादंबरीमालेचे लेखक रॉबर्ट जॉर्डन ‘रीड अँड फाइंड आउट’ हे इतक्यांदा ऐकवत की चाहत्यांनी त्याचा ‘राफो’ करून टाकला. १९९० साली सुरू झालेली माला अपुरी ठेवून २००७ मध्ये जॉर्डन गेले. राहिलेलं कथानक ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून तीन भागांत पूर्ण केलं आणि शेवटचा, १४वा भाग २०१३ मध्ये आला. सँडरसन यांनी वारशात ‘राफो’ही घेतला. पुस्तकावर सही घ्यायला आलेल्याने नको ते विचारलं, तर ते ‘राफो’ छापलेलं कार्ड त्याच्या हातावर ठेवतात. लोक ती कार्डं हौसेने जपतात.

टिपणकारांचं म्हणणं असं की, लेखकाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग सांगायला काय जातं? इथेच घोडं पेंड खातं. त्याला सगळं ठाऊक नसतं. टोल्किन यांचं ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आलं, तेव्हा त्यातला गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी बक्षीस म्हणून खुशाल द्यायला तयार होता. ती सापडेना, म्हणून बापड्याने पैज जिंकलेल्या बिल्बोला, म्हणजे गोष्टीच्या नायकाला, बाहेरची वाट दाखवली. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्याची पुढची गोष्ट लिहिताना ती अंगठी अशी झाली की कोणी ती राजीखुशीने देणं शक्यच नव्हतं. मग टोल्किननी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत गॉलमला पार बदलून टाकलं. जुन्या आवृत्तीतली हकीकत? ती बिल्बोची थाप होती, असं ठरलं! चूक झाकताझाकता बिल्बोच्या स्वभावातली एक फट हाती लागली. मधल्या १४ वर्षांत कुणी त्यांना दर आठवड्याला ‘गॉलम प्रामाणिक आहे का?’ असं विचारत राहिलं असतं आणि त्यांनी ‘हो’ म्हणून टाकलं असतं, तर एवढी मोकळीक त्यांना उरली असती का? पुस्तकातलं वाक्य पुढच्या आवृत्तीत बदलता येतं. चारचौघांत दिलेला शब्द मात्र चिकटतो.

माझाच अनुभव सांगते. या मालेच्या दुसऱ्या भागात दोन पहारेकरी आहेत. दोघंही डाव्या हाताने कुलूप उघडतात आणि एकाच जुन्या गाण्याची ओळ गुणगुणतात, तीही एकाच ठिकाणी चुकून. त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने ‘हे भाऊ?’ असं लिहून ठेवलं होतं. पुढची तीनशे पानं त्या दोन शब्दांच्या नादात वाचली. ते दोघं समोरासमोर आले की मी वाचायचा वेग कमी करायची. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, ते भाऊबिऊ नाहीयेत हं, लेखकानेच सांगितलंय कुणाला तरी.” झालं! पुस्तकातली ओळनओळ जागच्या जागी होती, पण त्या कुलपातला जीव गेला. कुणीतरी कुतूहलाने विचारलं, त्याने भिडेखातर सांगितलं आणि मधल्यामध्ये माझी पेन्सिल वाया गेली.

म्हणून काही विचारूच नये, असं नाही. जे घडून गेलं आहे, त्या जगात जे चालतं, त्याबद्दल खुशाल विचारावं. मंत्र म्हणणाऱ्याला त्याची किंमत काय मोजावी लागते, राजधानीहून सीमेवर निरोप पोचायला किती दिवस लागतात, याचा जाब लेखकाने दिलाच पाहिजे. टोल्किन तर कुणी विचारण्याआधीच स्वतःला विचारत. त्यांनी १९४४ मध्ये मुलाला लिहिलेल्या एका पत्रात चंद्राची तक्रार आहे: गोष्टीत तो एकीकडे उगवत होता आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळत होता. मागची प्रकरणं दुरुस्त करण्यात त्यांची अख्खी दुपार गेली. हेच टोल्किन १९५४ मध्ये, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीनपैकी एकच भाग बाहेर आलेला असताना, एका वाचकाच्या शंकांना लांबलचक उत्तर लिहायला बसले आणि ते पाठवलंच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतोय, असं वाटलं म्हणून.

जे. के. रोलिंग यांनी २००४ मध्ये, हॅरी पॉटरचे पाच भाग आलेले असताना, एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवात याहून गमतीचा उपाय केला. मला कुणी न विचारलेले दोन प्रश्न आहेत, ते विचारायला हवेत, असं त्यांनी सांगितलं: तान्ह्या हॅरीवरचा हल्ला उलटला तेव्हा खलनायक व्होल्डेमॉर्ट मेला का नाही आणि पुढे समोरासमोर आल्यावर हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांनी त्याला मारायचा प्रयत्न का केला नाही? उत्तरं दिली नाहीत. प्रश्न तेवढे हातात दिले आणि लोक मागची पानं पुन्हा चाळायला लागले.

राहता राहिला ‘पुढचा भाग कधी?’ हा प्रश्न. याचं उत्तर मिळालं तरी त्यावर कुणी विसंबू नये. जॉर्ज मार्टिन यांनी २००५ मध्ये ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या आपल्या मालेच्या चौथ्या भागाच्या शेवटी ‘पुढच्या वर्षी’ अशी आशा व्यक्त केली होती. पाचवा भाग आला तो २०११ मध्ये!

आता तुमच्याबद्दल. मुलाखत छापलीत याचा आनंदच आहे, पण राणीचा खरा वारस कोण, हे लेखकाच्या तोंडून निघालेलं उत्तर तुम्ही मथळ्यात टाकलंत, तेही ठसठशीत अक्षरांत. साठा उत्तरांची कहाणी अजून अर्ध्यावर आहे, ती पहिल्याच ओळीत सुफळ संपूर्ण करायची घाई कुणाला होती? पुढच्या वेळी निदान ‘कुठल्या भागापर्यंत वाचलेल्यांसाठी’ एवढी ओळ वर टाका. मी अजून तिसऱ्या भागात आहे. वारस कळलाच, त्याला आता इलाज नाही. पण पुरवणीचं आतलं पान घडी घालून चौथ्या भागात ठेवलंय, अजून उघडलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक