दिवेलागणीला दिवे घालवणाऱ्या घरास

दादा, वहिनी आणि आजी,
सप्रेम नमस्कार.

धूमकेतूचा आपला फोटो बघून लोक सारखं विचारतात, लेन्स कोणती, कॅमेरा कोणता. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: ८५ मिलिमीटरची लेन्स आणि साधी तिपाई. पण तो फोटो कशामुळे निघाला हे सांगायचं तर तुमच्या घराबद्दल सांगावं लागतं. दादांनी बजावलं होतं, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेच होते.

त्या संध्याकाळी घाईत बोलणं झालं नाही, म्हणून आमची एवढी धावपळ का चालली होती ते आता सांगतो. त्सुचिनशान–अ‍ॅटलास हा धूमकेतू जानेवारी २०२३ मध्ये चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेला दिसला, मग हरवला, आणि फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला पुन्हा सापडला. तेव्हापासून आम्ही हौशी मंडळी त्याच्याकडे डोळे लावून बसलो होतो. २०२४ च्या जुलैत झ्देनेक सेकानिना या जाणत्या अभ्यासकाने गणित मांडून सांगितलं की हा सूर्याजवळ पोचायच्या आतच विखरून जाणार. आमच्यातल्या कित्येकांनी तेव्हाच आशा सोडली. पण २७ सप्टेंबरला सूर्यापासून ६ कोटी किलोमीटरहून कमी अंतरावरून तो धडधाकट बाहेर पडला! सर्वपित्री अमावास्येच्या आसपास पहाटे पूर्वेला दिसत होता, तेव्हा आमच्या डोक्यावर ढग. नंतर काही दिवस तो सूर्याच्या उजेडात बुडाला, दसऱ्याला पृथ्वीच्या सर्वांत जवळ म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला. पण कोजागरी तोंडावर आलेली, चंद्र रोज वाढतोय, परतीचा पाऊस दुपारी हमखास. हातात मोजक्या संध्याकाळी होत्या. त्यातही सूर्य मावळल्यावर अंधार पडेपर्यंत थांबायचं, आणि अंधार पडला की हा क्षितिजाकडे उतरायला लागणार.

म्हणून १४ ऑक्टोबरला सासवडच्या पुढे तुमच्या माळावर आलो. पश्चिम मोकळी, पुण्याचा उजेड उजव्या हाताला लांब राहिलेला. आणि समोरच तुमचा शेवंतीचा प्लॉट, ओळीने बल्ब टांगलेला. दिवस लहान झाले की शेवंतीला लवकर कळ्या धरतात, झाडाची वाढ व्हायच्या आत कळी येऊ नये म्हणून रात्री उजेड द्यावा लागतो, हे आम्हांला तुमच्याकडूनच कळलं. फुलाच्या पिकावर घर चालतं. अशा माणसाला “तेवढे दिवे बंद करता का?” असं विचारायला जीभ रेटत नव्हती. दादा, तुम्हीच आमच्याकडे बघून म्हणालात, “घालवतो की लाइटी. रात्रीचा अंधार मधे मोडला म्हंजी झालं. आत्ता लावल्या काय अन् धा वाजता लावल्या काय, झाडाला सारखंच.”

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पलीकडच्या वस्तीवर फोन लावून गोठ्यावरचा हॅलोजन बंद करवलात. त्यांना काय सांगितलंत कोण जाणे, पण दोन मिनिटांत तो गेला आणि थोड्या वेळाने ती मंडळीही पोराबाळांसकट माळावर हजर झाली.

आणि वहिनी, दिवेलागणीची वेळ. लक्ष्मी घरात यायच्या वेळेला कोणी घरातले दिवे घालवतं का? तुम्ही आजींकडे पाहिलंत. आजी म्हणाल्या, “तुळशीपुढचा राहू दे, बाकीचे घालवा. पोरं लांबून आलीत.” त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

साडेसहा वाजून गेल्यावर डावीकडे शुक्राची चांदणी आणि उजवीकडे स्वाती, या दोघांच्या मधल्या जागेत आधी नुसता पुसट ठिपका दिसला. आकाश काळं होत गेलं तशी शेपटी वर वर चढत गेली. चंद्र पाठीशी होता, तरी नुसत्या डोळ्यांना दिसत होती. वस्तीवरच्या मुलांनी दुर्बिणीपुढे रांग लावली. आजींना खुर्चीत बसवून आम्ही दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावली, तर त्यांनी ती बाजूला सारली. “अशीच दिसतीया की. लढाई झाली त्या साली पहाटं बघितली हुती, ती लई मोठी हुती.” माझ्या अंगावर काटा आला. १९६५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे दिसलेला तो इकेया–सेकी असणार. काओरू इकेया आणि त्सुतोमू सेकी या दोन हौशी जपानी निरीक्षकांनी तो वेगवेगळा शोधला होता. इकेया पियानोच्या कारखान्यात कामगार होते. पुस्तकात वाचलेला तो धूमकेतू प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस मला तुमच्या अंगणात भेटलं.

आता खरी गोष्ट. घरी आल्यावर तीन-तीन सेकंदांचे फोटो संगणकावर एकावर एक रचले, तेव्हा धूमकेतूच्या डोक्यापासून खाली, क्षितिजाच्या दिशेने, सुईसारखी बारीक रेघ निघालेली दिसली. ती उलटी शेपटी. धूमकेतूने मागे सांडलेली जाड धूळ त्याच्या कक्षेच्या पातळीत पातळ थरासारखी पसरलेली असते. नेमकी त्याच सुमाराला पृथ्वी त्या पातळीतून जात होती, त्यामुळे तो थर आपल्याला कडेने दिसला आणि सूर्याकडे रोखलेल्या रेघेसारखा भासला. चार-दोन दिवसांचा खेळ असतो हा. आणि ही रेघ आकाशात बरोबर तिथे होती जिथे एरवी तुमच्या बल्बांचा पिवळा उजेड चढलेला असतो. लेन्स कितीही भारी आणली असती तरी त्या उजेडातून ती निघाली नसती. ती रेघ तुमची आहे, दादा.

शहरातले आम्ही प्रकाशप्रदूषणावर भाषणं ठोकतो. तुम्ही त्यातलं काही न ऐकता, फक्त समोरच्याची निकड बघून, पिकाचं वेळापत्रक पुढे सरकवलंत. वर निघताना वहिनींनी पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही आणि गाडीत सीताफळांची पाटी ठेवली.

फोटो मोठा छापून, चौकट करून घेतलाय. दिवाळीच्या आधी घेऊन येतो. आजींसाठी इकेया–सेकीचं एक जुनं छायाचित्रही शोधून ठेवलंय, तेव्हा पाहिलेला हाच का ते त्यांनी बघून सांगावं. शाळेच्या मास्तरांशी बोलायचं तुम्ही म्हणाला होतात ते जरूर बोला. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गुरू वृषभ राशीत रात्रभर दिसेल, त्याचे चार चंद्र छोट्या दुर्बिणीतूनही छान दिसतात. मोठी दुर्बीण आणि ती चालवणारी माणसं आमच्याकडून, मैदान शाळेचं. गुरू चांगला तेजस्वी असतो, त्यामुळे या खेपेला शेवंतीचे दिवे खुशाल चालू ठेवा.

आपली,
माळावर आलेली मंडळी