बारा आणि बारा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझे दोन्ही कॅमेरे बारा मेगापिक्सेलचेच आहेत ना, मग फरक काय?" आणि मी "बघून सांगते" म्हणून विषय बदलला. उत्तर तेव्हाही ठाऊक होतं, पण ते फोनवर दोन वाक्यांत मावलं नसतं. शिवाय "मला तुझा तो जुना ठोकळाच दे, प्रो आहे तो" असं म्हणालीस तेव्हा आधी बरं वाटलं आणि लगेच पोटात गोळा आला. पंधरा दिवस समुद्रकिनारा, ओले खडक, शेवाळ आणि माझा कॅमेरा! म्हणून काल अख्खी दुपार नि संध्याकाळ दोघांना शेजारी शेजारी ठेवून बसले. त्यातून जे निघालं ते लिहिते.

थोरला म्हणजे निकॉन डी३००, २००७ सालचा. धाकटा ऑलिम्पस टफ टीजी-६, २०१९ सालचा. दोघांत बारा वर्षांचं अंतर आणि मेगापिक्सेलही दोघांचे बाराच, त्यामुळे तुझा घोळ झाला तर नवल नाही. पण ते बारा बसवलेत कुठे ते बघ. थोरल्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा, लहानशा टपाल तिकिटाएवढा. धाकट्याचा जेमतेम ६.२ बाय ४.६, करंगळीच्या नखावर मावेल असा. क्षेत्रफळ काढलंस तर तेरा पटींचा फरक येतो. म्हणजे थोरल्याच्या एका पिक्सेलला जेवढी जागा मिळते तेवढ्या जागेत धाकट्याचे बारा-तेरा पिक्सेल दाटीवाटीने बसलेत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाशही त्याच हिशोबाने.

आता धाकट्यावर अन्याय नको. त्याचं भिंग झूम न करता एफ/२ ला उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं भिंग जास्त उघडं). थोरल्याला साधं झूम भिंग लावलं तर ते एफ/३.५ ला अडकतं, म्हणजे धाकट्याच्या भिंगातून तिप्पट प्रकाश येतो आणि तेरा पटींचा फरक चारावर येतो. सेन्सरही बारा वर्षांनी नवा, त्यामुळे आणखी थोडी भरपाई होते. भर उन्हात काढलेले दोघांचे फोटो मी तुझ्या बाबांना दाखवले, कुठला कुणाचा ते न सांगता. त्यांनी चारपैकी दोन चुकीचे ओळखले. (त्यांचा चष्मा बदलायला झालाय, हेही खरं.) पण झूम शेवटपर्यंत नेलास की धाकट्याचं एफ/२ जाऊन एफ/४.९ येतं, आणि ही सवलत संपते.

संध्याकाळी मात्र चित्र पालटलं. दिवा लावायच्या आधी मांजर खिडकीत बसली होती, तोंड अर्धं उजेडात, अर्धं अंधारात. दोन्ही कॅमेऱ्यांना आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ठेवला आणि एकामागून एक फोटो घेतले. संगणकावर मोठे करून पाहिले. थोरल्याच्या फोटोत थोडी रवाळ खरखर होती, पण मिशा एकेक मोजता येत होत्या. कानाच्या आतली लव दिसत होती, डोळ्यात खिडकीची चौकटसुद्धा. धाकट्याच्या फोटोत मांजर होती, मिशा नव्हत्या. मागच्या भिंतीत विरून गेल्या होत्या. अंगावरचे केस ओल्या कापसाच्या बोळ्यासारखे दिसत होते. प्रकाश कमी पडला की फोटोत खरखर येते, ती पुसायला कॅमेरा आतल्या आत हात फिरवतो, आणि त्या हातासरशी बारीक तपशीलही पुसला जातो. त्याला खरखर आणि मिशी यांतला फरक कळत नाही. म्हणून धाकट्यावर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने हात न फिरवलेला कच्चा फोटो, चालू करून ठेवलंय, ते बंद करू नकोस. रॉमध्ये खरखर दिसेल, पण मिशा बऱ्याचशा परत येतात. मी करून पाहिलं.

पार्श्वभूमी धूसर करण्याबद्दल तू विचारलं होतंस. ते धाकट्याकडून मागू नकोस. सेन्सर इतका छोटा की त्याचं एफ/२ हे या बाबतीत थोरल्याच्या साडेसातच्या आसपास पडतं. माणसाचा फोटो काढलास तर मागचा खडक, त्यामागची होडी, तिच्यावरचं नाव, सगळं स्वच्छ येईल. माझ्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने एफ/१.८ ला मागचं सगळं जे विरघळतं, ते इथे नाही. पण तू चालली आहेस खेकडे नि शंख टिपायला. तिथे जितकं जास्त स्पष्ट तितकं बरं, नाही का?

आणि याच ठिकाणी धाकट्याने मला गार केलं. दुपारी कुंडीतल्या पानावर मुंगी होती. माझं ५० मिलिमीटरचं भिंग पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही, त्यामुळे थोरल्याच्या फोटोत पान छान आणि मुंगी म्हणजे काळा टिंब. धाकट्याला मायक्रोस्कोप मोडवर टाकलं आणि भिंगापासून एक सेंटिमीटरवर नेलं. मनू, मुंगीच्या मिशीचा कोपर दिसला मला. पायावरचे केस दिसले. मी श्वास रोखून बसले होते, आणि मुंगी मात्र आपल्या कामाला लागलेली. थोरल्याकडून हे हवं तर वेगळं मॅक्रो भिंग हवं, तिपाई हवी, आणि एवढं करून तो डबक्यात बुडवता येणार नाहीच.

दोन अडचणी सांगून ठेवते. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यासाठी भिंगाभोवती लावायचं प्रकाशाचं कडं मिळतं, आपल्याकडे ते नाही. तेव्हा तिरप्या उन्हात, सूर्य बाजूला ठेवून काम कर. दुसरं म्हणजे त्या अंतरावर फोकस कागदाएवढा पातळ असतो, मुंगीचं डोकं आलं तर पाय गेले. त्याच मायक्रोस्कोप मोडमध्ये फोकस स्टॅकिंग आहे, कॅमेरा वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन आतच एक करून देतो. खडकाला चिकटलेल्या बार्नेकलांना (कवचवाल्या बारीक जिवांना) ते फार छान चालेल. हलणाऱ्या जिवाला नाही. माझ्या मुंगीला एका फोटोत अकरा पाय आलेत.

व्हिडिओ हवा असेल तर प्रश्नच मिटला. समुद्रफूल (सी ॲनिमोन) मिटताना तुला टिपायचंय म्हणालीस. धाकटा फोर-के करतो. थोरल्यात व्हिडिओच नाही, तेव्हा ती पद्धतच नव्हती.

थोरल्याची खरी गंमत फोटोत नाही, हातात आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की बाहेरचं ऊन, वारा, माणसं सगळं बंद. चौकटीत दिसतं ते शंभर टक्के फोटोत येतं. दोन चाकं दोन बोटांखाली, बटणं न बघता सापडतात. चालू केला की लगेच तयार, आणि बटण दाबल्यापासून फोटो उमटेपर्यंत सेकंदाचे ४५ हजारांश. बगळा मान मागे घेतो आणि पाण्यात चोच मारतो, त्या दोन हालचालींमध्ये जे घडतं ते पकडायला हाच हवा. कागदावर धाकटा सेकंदाला वीस फोटो घेतो, थोरला सहाच. पण भर उन्हात चकाकणाऱ्या पडद्यावर बगळा शोधेपर्यंत बगळा मासा गिळून मोकळा होतो. त्यात धाकट्याचं झूम फार तर १०० मिलिमीटरच्या भिंगासारखं वागतं. थोरल्याला माझं ३०० चं भिंग लावलं की ते ४५० सारखं वागतं. धाकट्यावर शटरचा वेग आपल्या हातानेही ठरवता येत नाही. ए मोड आहे, म्हणजे भिंग किती उघडायचं तेवढं आपण ठरवायचं; एम, म्हणजे सगळंच आपल्या हाती, तो नाही. मला हे पहिल्या दिवसापासून खटकलं, तुला कदाचित कधीच खटकणार नाही.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे. "तुझा पण वेदर-सील्ड आहे ना?" आहे. मॅग्नेशियमचं अंग, सांध्यांना रबर. भुरभुर पावसात मी तो वापरलाय आणि काही झालं नाही. पण त्यावर माझं जे ५० चं भिंग आहे त्याच्या बुडाला रबराचं कडं नाही, म्हणजे तटबंदीला दरवाजाच नाही असं समज. आणि पावसाचा शिंतोडा वेगळा, खारी लाट वेगळी. भिंग बदलायला उघडलास आणि वाऱ्याबरोबर रेतीचा कण आत गेला की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात डाग. धाकट्याचं तसं नाही. भिंग बाहेर येतच नाही, झूम आतल्या आत, प्रकाश आतमध्ये काटकोनात वळवून नेलाय. पंधरा मीटर पाण्याखाली, २.१ मीटरवरून पडला तरी, शंभर किलोचं ओझं आलं तरी आणि उणे दहा अंशांतही चालेल असं कंपनी सांगते. वजन २५३ ग्रॅम, बॅटरी-कार्डासकट. थोरला नुसता, बॅटरी न घालता, ८२५ ग्रॅम. खडकावर एका हाताने तोल सांभाळायचा असतो तेव्हा हा फरक खांद्याला कळतो.

पण "टफ" लिहिलंय म्हणून निष्काळजी होऊ नकोस. पाणी अडवतं ते दोन झाकणांच्या आतलं बारीक रबर, बाकी काही नाही. गेल्या वर्षी तलावात उतरण्याआधी मी घाईत बॅटरी बदलली आणि झाकण लावलं. नशीब, पाण्यात घालण्यापूर्वी सवयीने पुन्हा उघडून पाहिलं. रबरावर माझाच एक केस आडवा पडला होता. एवढा एक केस पुरतो. तेव्हा दरवेळी झाकण लावण्याआधी रबरावरून कोरडं बोट फिरव, उजेडात धरून बघ, मग बंद कर आणि खटकाही लाव. झाकण किनाऱ्यावर उघडूच नकोस. सकाळी खोलीत, कोरड्या हातांनी बॅटरी भर, की दिवस निघेल. किनाऱ्यावरची दमट हवा आत कोंडली गेली तर गार पाण्यात गेल्यावर काचेवर आतून वाफ धरते. कॅमेरा जोरात आपटलाच तर त्या दिवशी पाण्यात नेऊ नकोस. संध्याकाळी झाकणं बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून ठेव, मीठ सुटू दे, पुसून वाळव आणि मगच उघड. रबर दर वर्षी बदलून घ्यावं असं कंपनीच सांगते. मी गेल्या महिन्यात बदलून घेतलंय. आणखी एक, हा कॅमेरा तरंगत नाही, दगडासारखा तळाला जातो. म्हणून तरंगणारा पट्टा लावलाय. रंग भडक आहे, मान्य. तो काढू नकोस.

पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, म्हणून अंडरवॉटर मोड वापर आणि जमेल तेवढी जवळ जा. मध्ये पाणी जितकं कमी तितका रंग खरा.

बॅटरीचं गणित थोरल्याच्या बाजूने आहे. एका चार्जमध्ये त्याचे हजार फोटो, धाकट्याचे साधारण ३४०. म्हणून दोन जादा बॅटऱ्या देतेय.

तर धाकटा घेऊन जा. थोरला न देण्यामागे कंजूषपणा अजिबात नाही असं म्हणणार नाही. त्याचं शटर दीड लाख वेळा उघडण्या-मिटण्यासाठी तपासलेलं, आणि माझं एक लाख बारा हजारांच्या पुढे गेलंय. त्याचं कार्डही जुन्या पद्धतीचं, आत पन्नास बारीक पिना. एकदा मी अंधारात कार्ड तिरकं रेटलं आणि एक पिन वाकली. सुईने सरळ करताना हात थरथरत होते. तुझी तिथे सहा वाजता ओहोटी असणार, बोटं ओली असणार, आणि मागून सर "चला, पाणी चढतंय" म्हणून ओरडत असणार.

बगळ्यांचं माझ्यावर सोड. शेवटच्या शनिवारी तुला न्यायला मी येणारच आहे. थोरला नि ३०० चं भिंग घेऊन पहाटेच येईन. तोवर बगळे सकाळी कुठल्या टोकाला उतरतात ते बघून ठेव, आणि सूर्य कुठल्या बाजूने येतो तेही.

तुझी,
आई

ता. क. कार्ड रिकामं करून दिलंय. मांजरीचे दोन फोटो तेवढे ठेवलेत, एक मिशांचा, एक बिनमिशांचा. कुठला कुणाचा ते बाबांना विचारू नकोस.