शिडिंग म्हणजे काय ते एकदा छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं बार्शीत झेरॉक्सचं दुकान आहे, बँकेच्या बरोबर समोर. त्यामुळे कुठलाही नवा शब्द आज तुमच्या पेपरात आला की उद्या सकाळी तो माझ्या काउंटरवर हजर असतो, फक्त येता येता थोडा मोडतो. 2020 ला 'कोरंटाईन' असाच आला होता. पण तो लगेच कळला, कारण कोरंटाईन झालेला माणूस शाळेच्या खोलीत बसलेला दिसायचा, ऑक्सिमीटर बोटाला लावला की आकडा दिसायचा.

आताच्या शब्दांचं तसं नाही, डोळ्याला काहीच दिसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले पैसे यायला लागले आणि 'आधार सीडिंग' घरोघरी गेलं. बायका त्याला 'शिडिंग' म्हणतात. "दादा, माझं शिडिंग झालंय का बघा की." आता हे शिडिंग म्हणजे काय ते मात्र कुणी सांगत नाही, बँकेत म्हणतात करून घ्या, अंगणवाडीच्या ताई म्हणतात करून घ्या आणि पेपरात येतं की सीडिंग नसल्याने हप्ता रखडला. अहो पण ते आहे काय? खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला वाटायचं की बँकेत आधारची झेरॉक्स दिली, खातं लिंक झालं, संपलं. तसं नसतंय. आधार चार बँकांच्या खात्यांना लिंक असू शकतं, पण सरकारचा पैसा आधार नंबर बघून एकाच खात्यात पडतो, सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं असेल त्या. फॉर्मवर तुम्ही खाते नंबर कुठलाही लिहा.

एवढी एक ओळ माहीत नसल्यामुळे एक मावशी सात महिने खेड्यावरून एसटीने येऊन बँकेत पासबुक भरून घेत होत्या आणि पैसे आले नाहीत म्हणून माझ्याकडे येऊन बसत होत्या. शेवटी मोबाईलवर तपासून बघितलं तर सीडिंग त्यांच्या जुन्या जनधन खात्याला, ज्याचं पासबुक पण हरवलेलं. सगळे हप्ते तिथं, साडेदहा हजार. मी त्यांना समजावून सांगितलं तर त्या हसल्या आणि पुढच्या खेपेला बघतो तर रांगेतल्या बाकीच्या बायकांना सांगतायत, "शेवटची शिडी जिथं लावली तिथंच पैसा चढतो बाई." मला काय इतकं सोपं सांगता आलं नसतं.

मग 2025 मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली, म्हणजे आधारवर ओटीपी घेऊन ओळख पटवायची. मुदत आधी 18 नोव्हेंबर, मग 31 डिसेंबर, आणि दुकानासमोर जत्रा. आधी बाईचा ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचा ओटीपी. नवरा पुण्याला कंपनीत, ड्युटीवर फोन उचलत नाही आणि तो उचलेपर्यंत ओटीपी मरतो. ज्यांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्या तर नुसत्या उभ्या राहायच्या, काय बोलणार त्यांच्याशी. एका ताईंनी मला ओटीपी द्यायलाच नकार दिला, "कुणालाच सांगायचा न्हाई म्हणून टीव्हीवर सांगत्यात." त्यांचं बरोबरच होतं की! इतकी वर्षं हेच शिकवलं, आणि आता दुकानदार हात पुढे करून ओटीपी मागतोय.

आपली माणसं शब्दाला घाबरत नाहीत हो. सातबारा काय आहे, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, नुसते फॉर्मचे आकडे, पण आज शाळेतलं पोरगं पण 'सातबारा कोरा' म्हणतं. 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली तेव्हा तिचा अर्थ विचारायला माझ्याकडे एकही शेतकरी आला नाही. अ‍ॅप चालत नाही म्हणून शिव्या द्यायला आले, ती वेगळी गोष्ट. पण पीक माहीत, पाहणी माहीत, म्हणजे काम माहीत. आणि अ‍ॅग्रिस्टॅक, म्हणजे शेतकऱ्यांची सरकारी डिजिटल नोंदणी, आलं तेव्हा? जो तो विचारतोय ही कुठल्या कंपनीची औषधं.

तर विनंती एवढीच की असला शब्द बातमीत पहिल्यांदा येईल तेव्हा खाली चौकटीत दोन ओळी टाका, म्हणजे काय आणि बाईने नेमकं कुठं जाऊन काय करायचं. मराठी प्रतिशब्दच पाहिजे असा माझा हट्ट नाही, मी स्वतः झेरॉक्सवाला आहे, छायाप्रतवाला म्हणून कोण येईल. आणि जमलं तर सुरुवात 'मॅपिंग'पासून करा. कालपासून तीन जणी ते विचारून गेल्यात, आणि शिडीवाल्या मावशी अजून इकडं आल्या नाहीत.

आपला,
एक झेरॉक्सवाला, बार्शी